पहांटेची साखर

[नभोवाणीवरून दिलेलें भाषण]

माझ्या एका मावशीची हकीकत सांगून आजच्या विषयास आरंभ करतों. मावशीला मधुमेह जडून पुष्कळ वर्षें झालीं होतीं. पथ्याच्या बाबतींत ती अतिशय काटेकोर. रात्रीं आठाच्या सुमारास ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी आणि वाटीभर ताक, एवढेंच तिचें जेवण. त्यानंतर पाण्याशिवाय तोंडांत कांहीं घालावयाचें नाहीं, असा तिचा नेम. निजतांना बोटाला टोचून पाहिलें तर रक्तांतील साखर १४० च्या आसपास. आणि सकाळीं, चहाचा घोटहि घेण्यापूर्वीं पाहिलें तर १९०! रात्रभर अन्नाचा कण पोटांत गेला नाहीं, आणि साखर मात्र पन्नासांनीं चढलेली. असें चार-पांच दिवस झाल्यावर तिच्या मुलानें रात्रीं लाडवांचा डबा उघडून लाडू मोजून ठेवले आणि सकाळीं उठून पुन्हां मोजले. एकहि लाडू कमी झाला नव्हता. परंतु मावशीनें तें पाहिलें. "सत्तरीला आलेल्या आईला चोर ठरवलंस होय रे?" एवढेंच बोलून ती देवघरांत जाऊन बसली. पुढें आठवडाभर तिनें रात्रीचें जेवणच सोडलें. सकाळची साखर तरीहि उतरली नाहीं.

त्या घरांत खोटें कोणीच बोलत नव्हतें. यंत्र ठीक होतें, मावशी प्रामाणिक होती, आणि मुलाचा तर्कहि वरवर पाहतां सरळच होता. कारण साखर खाल्ल्यावांचून साखर वाढेल कशी? पण हा सरळ दिसणारा तर्कच चुकीचा आहे. तो कां चुकीचा आहे, हें समजण्यास वैद्यकशास्त्रालाहि जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. त्याच दीडशें वर्षांची हकीकत आज आपल्यापुढें ठेवावयाची आहे.

मधुमेह हा रोग आपल्याकडील प्राचीन वैद्यांस चांगला परिचित होता. रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें चरकसंहितेंत नोंदलेलें आहे. आणि मधुमेह हें नांवच त्या निरीक्षणाची साक्ष देतें. युरोपांत लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन या वैद्यानें १७७६ मध्यें रोग्याचें मूत्र आटवून त्यांतून साखरेसारखा पदार्थ काढून दाखविला, आणि रोग्याच्या रक्तांतील रसहि गोड असतो असें लिहून ठेवलें. येथपर्यंत सर्वांची समजूत माझ्या मावसभावासारखीच होती: साखर अन्नांतून येते, ती शरीरास जिरवितां आली नाहीं म्हणजे रक्तांत सांचते. साखर निर्माण करावयाची ती वनस्पतींनीं. प्राण्यांनीं तिचा केवळ व्यय करावयाचा, हा त्या काळच्या रसायनशास्त्राचा सिद्धान्त होता.

हा सिद्धान्त पॅरिसमधील क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञानें १८४८ मध्यें ढांसळविला. अन्नांतील साखर शरीरांत कोठें नाहींशी होते, याचा तो शोध करीत होता. ताडून पाहण्यासाठीं त्यानें केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याचें रक्त तपासलें, तों यकृतांतून बाहेर पडणाऱ्या रक्तांत साखर भरपूर सांपडली. अन्नांत साखर नाहीं, आणि यकृतांतून तर साखर येते! पुढें १८५५ मध्यें त्यानें एक यकृत शरीराबाहेर काढून, त्यांतील रक्तवाहिन्यांतून पाण्याचा प्रवाह सोडून, साखरेचा अंश उरणार नाहीं इतकें तें धुवून काढलें आणि तसेंच ठेवून दिलें. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों त्यांत पुन्हां साखर! ती कोठून आली याचा माग काढीत १८५७ मध्यें यकृतांत सांठविलेला ग्लायकोजेन नांवाचा पिठूळ पदार्थ त्यानें वेगळा करून दाखविला. यकृत हें शरीराचें कोठार आहे. जेवणानंतर साखर त्यांत भरून ठेवली जाते, आणि उपासाच्या वेळीं तेथूनच ती मापामापानें बाहेर काढली जाते.

श्रोतेहो, आजच्या विषयाचें मर्म येथेंच आहे. आपण निजलों तरी मेंदू निजत नाहीं. त्याला रात्रभर साखर हवी असते. जेवण पचून गेल्यावर ती पुरविण्याचें काम यकृत करतें. सांठा कमी पडूं लागला तर इतर द्रव्यांपासून नवी साखर तयार करूनहि पुरवितें. म्हणून सकाळीं अनशापोटीं मोजलेली साखर ही बहुतांशीं रात्रीच्या ताटाचा हिशेब नसून यकृतानें रात्रभर केलेल्या खर्चाचा हिशेब असतो. मावशीनें जेवण सोडलें तरी साखर उतरली नाहीं, याचें कारण हेंच. कोठार तिच्या स्वयंपाकघरांत नव्हतें, तिच्या शरीरांतच होतें.

आतां या कोठाराचें दार आवरून धरणारा कोण? त्याचा पत्ता १८८९ मध्यें लागला. स्ट्रासबुर्ग येथें मेरिंग व मिन्कोव्स्की यांनीं एका कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें, तों त्यास तीव्र मधुमेह झाला. स्वादुपिंडांतून पाझरणारा तो रस हातीं येण्यास मात्र १९२१ साल उजाडावें लागलें. टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेंत आणि कॉलिप यांच्या साहाय्यानें, इन्सुलिन मिळविलें. आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचलें. मरणाच्या दारीं असलेलीं मुलें त्या औषधानें उठून बसूं लागलीं. यकृताचा अनाठायीं खर्च आवरणें हें इन्सुलिनचें एक मुख्य कार्य आहे.

परंतु या नव्या औषधाबरोबर एक नवी अडचणहि आली. त्या वेळच्या इन्सुलिनचा प्रभाव सहा-आठ तासांत ओसरे. दिवसा जेवणाबरोबर टोंचणें ठीक, रात्रीचें काय? संध्याकाळीं घेतलेलें इन्सुलिन पहांटेपर्यंत संपून जाई आणि यकृताचें दार मोकळें राही. डेन्मार्कमध्यें हागेडोर्न यांनीं १९३६ मध्यें इन्सुलिनशीं प्रोटामाइन मिसळून तें सावकाश पाझरेल अशी योजना केली, आणि १९४६ मध्यें त्यांच्याच प्रयोगशाळेंतून एन्. पी. एच्. हें दीर्घकाळ टिकणारें इन्सुलिन बाहेर आलें. तरी रात्रीं साखरेचें काय होतें, हें पाहण्याचें साधन घरोघरीं नव्हतें. होती ती मूत्राची परीक्षा. आणि सकाळच्या मूत्रांत सगळ्या रात्रीचा सांठा एकत्र झालेला असतो. साखर अकरा वाजतां वाढली कीं पांच वाजतां, हें तें सांगूं शकत नाहीं.

अशा या अंधारांत एक बुद्धिमान मनुष्य पुढें आला. त्याचें नांव मायकेल सोमोजी. जन्म १८८३, जातीचा हंगेरियन, व्यवसायानें रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेंतील सेंट लुई शहरांत १९२२ च्या सुमारास इन्सुलिन शुद्ध करण्याच्या कामांत त्याचा हात होता, आणि १९२६ पासून तेथील ज्यू रुग्णालयाची रसायनशाळा तो सांभाळीत होता. रक्तांतील साखर मोजण्याची एक उत्कृष्ट रीतिहि त्यानें बसविली होती. कांहीं रोगी त्याला असे दिसले कीं, इन्सुलिन वाढवीत जावें तों त्यांची साखर अधिकच बेताल व्हावी. त्यानें उलट वाट धरली: इन्सुलिन थोडें थोडें कमी केलें, आणि आश्चर्य असें कीं रोगी सुधारूं लागले. १९३८ मध्यें त्यानें आपली उपपत्ति मांडली. अधिक इन्सुलिनमुळें साखर फार खालीं जाते. शरीर त्यामुळें भयभीत होऊन साखर चढविणारे अंतःस्राव सोडतें. आणि तो प्रतिकार इतका जोराचा असतो कीं साखर मूळच्याहि वर जाऊन बसते. १९५९ मध्यें एका विस्तृत लेखांत त्यानें हेंच मत पुन्हां प्रतिपादिलें.

ही उपपत्ति निराधार नव्हती. साखर खालीं गेली असतां अॅड्रिनॅलिन रक्तांत येतें आणि यकृतांतून साखर बाहेर काढतें, हें बोस्टन येथील वॉल्टर कॅनन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९२४ मध्येंच दाखविलें होतें. शिवाय सोमोजीच्या मतांत एक नैतिक समाधानहि होतें. औषधाचा अतिरेक करणाऱ्या वैद्यांना त्यानें सावध केलें. रात्रीं झोपेंत साखर घसरूं शकते, याकडे लक्ष वेधलें. हें त्याचें ऋण मोठें आहे. परंतु पुढें झालें असें कीं, एका विशिष्ट प्रकारच्या रोग्यांत दिसलेली गोष्ट सर्वांना लागू करण्यांत आली. सकाळीं साखर जास्त दिसली, कीं "रात्रीं ती नक्कीच खालीं गेली असली पाहिजे, इन्सुलिन कमी करा, निजतांना कांहीं खा," असा उपदेश पाठ्यपुस्तकांतून होऊं लागला. ज्याची साखर रात्रीं खरोखरच घसरत होती, त्याला या उपदेशानें जीवदान मिळालें असेल. पण ज्याला इन्सुलिनच अपुरें पडत होतें, त्याची साखर त्यानें आणखी वाढली असली पाहिजे. निदान एकच, रोगी मात्र दोन. आणि कोणता रोगी कोणता, हें ओळखण्यास रात्रीं रक्त पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

आतां गंमत अशी कीं, सोमोजीच्या मतास शह देणारीं प्यादीं ज्या पटावर मांडलीं गेलीं, तो पट बऱ्याच अंशीं त्याच सेंट लुई शहरांत होता. तेथील वॉशिंग्टन विद्यापीठांत कार्ल व गर्टी कोरी या दांपत्यानें ग्लायकोजेनचें रूपांतर कसें होतें याचा उलगडा केला, आणि १९४७ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. त्या वर्षींचे तिसरे मानकरी अर्जेंटिनाचे बर्नार्दो उसाय. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचा साखरेशीं निकट संबंध आहे. ती काढून टाकली तर मधुमेही कुत्र्याचा रोगहि सौम्य होतो, हें त्यांनीं दाखविलें होतें. म्हणजे साखर चढविणारीं कारणें शरीरांत नित्यच असतात. त्यांना चेतविण्यास साखर आधीं घसरावीच लागते असें नाहीं.

मग १९६८ मध्यें, पुन्हां त्याच विद्यापीठांत, ताकाहाशी, किप्निस व डॉहडे यांनीं निजलेल्या निरोगी माणसांचें रक्त रात्रभर ठराविक वेळानें तपासलें. मनुष्य गाढ झोपीं गेला कीं थोड्याच वेळांत त्याच्या पिट्युइटरी ग्रंथींतून वाढीचा अंतःस्राव मोठ्या प्रमाणांत उमळतो, असें त्यांना आढळलें. हा अंतःस्राव इन्सुलिनचें बळ कमी करतो, आणि तेंहि लगेच नव्हे, तर कांहीं तासांनीं. त्याच्या जोडीला कॉर्टिझॉल हा दुसरा स्राव उत्तररात्रीं वाढत जाऊन जाग येण्याच्या सुमारास शिखरास पोहोंचतो. शरीर जणूं दिवसाच्या कष्टांची तयारी पहांटेपासूनच करूं लागतें. निरोगी माणसाचें स्वादुपिंड अशा वेळीं थोडें अधिक इन्सुलिन सोडून तोल राखतें, म्हणून त्याला याचा पत्ताहि लागत नाहीं. मधुमेह्याजवळ ही शिल्लक नसते.

१९८० मध्यें इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथील गेल, कर्ट्झ व टॅटर्सॉल यांनीं सोमोजीचा परिणाम मुद्दाम शोधून पाहिला, तेव्हां सकाळच्या चढीचें कारण म्हणून त्यांना मुख्यतः इन्सुलिनची ओहोटीच दिसली. पुढील वर्षीं, १९८१ मध्यें, मारिया इनेस श्मिट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पहांटेच्या या वाढीला स्वतंत्र नांव दिलें. त्याला आपण 'पहांटेचा चमत्कार' न म्हणतां 'पहांटेची चढ' म्हणूं, कारण त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. १९८५ मध्यें कॅम्बेल, बोली, क्रायर व गेरिच यांनीं या चढीचें मूळ रात्रींच्या त्या वाढीच्या स्रावांतच आहे, असें प्रयोगान्तीं प्रतिपादिलें.

निर्णायक प्रयोग झाला तो १९८७ मध्यें, आणि तोहि सेंट लुई येथेंच. टॉर्जमन, क्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दहा रुग्णांना तीन वेगवेगळ्या रात्रीं, रात्रीच्या दहापासून सकाळच्या आठपर्यंत, निरीक्षणाखालीं ठेवलें. एका रात्रीं केवळ रक्त तपासलें. दुसऱ्या रात्रीं साखर १०० च्या खालीं जाऊं दिली नाहीं. तिसऱ्या रात्रीं इन्सुलिन देऊन ती मध्यरात्रीपासून चारपर्यंत मुद्दाम ५० च्या खालीं ठेवली. सोमोजीचें म्हणणें सर्वत्र खरें असतें, तर तिसऱ्या रात्रीनंतरची सकाळ सर्वांत गोड निघावयास हवी होती. प्रत्यक्षांत उलट झालें. घसरणीनंतरच्या सकाळीं साखर कमीच आढळली. ज्या शहरांत ती कल्पना जन्मली, त्याच शहरांत सुमारें पन्नास वर्षांनीं ती अशी कसास लागली. सोमोजी १९७१ मध्येंच वारला होता. आपल्या निरीक्षणाच्या विरुद्ध पुरावा आला असतां त्यानें काय म्हटलें असतें कोण जाणे. पण मोजमापाचीं साधनें सुधारण्यांत ज्यानें आयुष्य वेंचलें, त्याला अधिक चांगल्या मोजमापाचा राग आला नसता असें मला वाटतें.

आतां व्यवहाराकडे वळूं. सकाळची साखर चढण्याचीं कारणें मुख्यतः तीन. पहिलें, पहांटेची चढ. दुसरें, रात्रीच्या औषधाचा प्रभाव सकाळपर्यंत न पुरणें. तिसरें, सोमोजीनें सांगितलेलें. तें अगदींच खोटें नव्हे, पण पूर्वीं समजत त्यापेक्षां पुष्कळच विरळ आहे. घसरणीनें जाग येऊन घाबऱ्या घाबऱ्या भरपूर गोड खाल्लें, तर त्या खाण्यानेंहि सकाळीं साखर वाढलेली दिसते. यांशिवाय फार उशिरां व जड जेवण हेंहि एक साधें कारण असूं शकतें.

यांतील कोणतें आपलें, हें ओळखण्याची युक्ति सोपी आहे. निजतांना, रात्रीं तीनच्या सुमारास, आणि उठल्याबरोबर, अशी तीन वेळां साखर पाहावी. एकच रात्र नव्हे, तर कांहीं रात्रीं. तीन वाजतां ७० च्या खालीं असेल तर घसरण आहे. त्यावर तत्काळ इलाज करावा व वैद्यांस कळवावें. तीन वाजतां ठीक आणि सकाळीं चढलेली, तर पहांटेची चढ किंवा औषधाची ओहोटी. निजतांनाच चढलेली असेल, तर प्रश्न रात्रीच्या जेवणाचा किंवा एकंदर औषधयोजनेचा. त्वचेखालीं बसविलेल्या बारीक तारेच्या योगें रात्रंदिवस साखर टिपणारीं यंत्रेंहि १९९९ पासून वैद्यकांत आलीं आहेत, आणि एका कागदावर सगळ्या रात्रीचा आलेख त्यांत दिसतो. पूर्वींच्या वैद्यांना हा कागद मिळता, तर वादाचीं निम्मीं पानें लिहावींच लागलीं नसतीं.

उपायहि कारणानुरूपच असतात. इन्सुलिन घेणाऱ्यांची मात्रा, वेळ किंवा जात वैद्य बदलतात. २००० मध्यें आलेल्या ग्लार्जिनसारखें दीर्घकाळ समान पाझरणारें इन्सुलिन, किंवा पहांटेच्या तासांपुरता वेग वाढवितां येणारा पंप, हीं साधनें आज उपलब्ध आहेत. आपल्याकडे बहुसंख्य असलेल्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहांत यकृत इन्सुलिनचा हुकूम पुरेसा मानीत नाहीं. १९५७ मध्यें फ्रान्समध्यें स्टर्न यांनीं प्रचारांत आणलेलें मेटफॉर्मिन मुख्यतः या यकृतालाच आवर घालतें. रात्रीचें जेवण लवकर व बेताचें ठेवणें आणि त्यानंतर थोडें चालणें, यांचाहि उपयोग होतो. मात्र एक गोष्ट कळकळीनें सांगतों. सकाळचा आंकडा पाहून घाबरून स्वतःच्या मनानें इन्सुलिन वाढवूं नये, आणि गोळ्या किंवा इन्सुलिन चालूं असतां जेवण सोडूं नये. रात्रीं झोपेंत साखर घसरणें हा सकाळच्या चढीपेक्षां तत्काळ धोक्याचा प्रकार आहे.

मावशीच्या घरींहि शेवटीं हेंच झालें. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिचें जेवण पुन्हां सुरू झालें, आणि तिच्या मुलानें तीन रात्रीं गजर लावून, तीन वाजतां उठून, झोपलेल्या आईचें बोट हलकेच टोंचून पाहिलें. तीनहि रात्रीं आंकडा १४० च्या आगेमागेच होता. चढ सगळी त्यानंतरची. डॉक्टरांनीं औषधांत बदल केला आणि पंधरा दिवसांत सकाळची साखर १३० च्या जवळ आली. मुलानें आईची क्षमा मागितली कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं. तशी त्या घराची रीत नव्हे. पण त्या तिसऱ्या रात्रीं मावशी जागीच होती, आणि डोळे मिटून पडून राहिली होती, असें तिनें मला मागाहून सांगितलें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांत असा एक रोगी असेल, आणि सकाळीं त्या यंत्राकडे पाहून त्याच्याकडे पाहणाऱ्या चार नजराहि असतील. त्या नजरांतील संशय थोडा कमी झाला, तरी आजच्या बोलण्याचें चीज झालें असें मी समजेन.